बिशपला ठेवायचं की परत पाठवायचं

माझा मॅलाकी मामा आयुष्यात कधी घाईत नव्हता. त्याची नोकरीच तशी होती. अडतीस वर्षं त्याने दलदलीतून टर्फ, म्हणजे जळणासाठी कापलेली सुकी माती, वाहणारी छोटी आगगाडी चालवली. ताशी पंधरा मैल, नाकासमोर, ना वळण, ना चढ, ना सिग्नल. एकदा गाडी रुळावरून घसरून कलंडायला लागली, तेव्हा मामा सावकाश खाली उतरला, डबा आणि थर्मास बाहेर काढला, आणि गाडी पूर्ण आडवी होईपर्यंत त्याचं अर्धं सँडविच संपलं होतं, असं त्याचे सोबती अजून सांगतात. मामा म्हणतो, अर्धं नाही, पाव.

मग दलदलीचं काम बंद झालं, गाडी बंद झाली आणि मामा घरी येऊन बसला. बसला तो नेमका चूल आणि टेबल यांच्या मधल्या जागेत. ती जागा अट्रॅक्टा मावशीची. मावशी मामाहून चार वर्षांनी मोठी. दोघांचीही लग्नं झाली नाहीत, दोघं क्लूनाडरगच्या त्याच जुन्या घरात राहतात, आणि मीही तिथेच. मावशीने किलब्रॅकच्या शाळेत तीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलं. निवृत्त झाल्यावर ती घरातल्या बरण्यांना उभं करू लागली. मामा काही केल्या रांगेत बसेना.

तीन वर्षांत मामाचं पोट वाढलं, साखर वाढली, आणि डॉक्टरने सांगितलं, रोज चाला, नाहीतर पायांचं खरं नाही.

"कुठे चालू?" मामाने विचारलं.

"कुठेही."

"कुठेही कसं चालणार? काही न्यायचं नाही, काही आणायचं नाही. मोकळ्या हातांनी धडधाकट माणूस रस्त्याने फिरताना दिसला, तर लोक म्हणतील, याचं डोकं फिरलं."

अडतीस वर्षं भरल्या गाडीने जाणाऱ्या माणसाला रिकामं जाता येत नाही, हे डॉक्टरला कळणं शक्य नव्हतं. मामाने त्यावर स्वतःच तोडगा काढला: कुत्रा. कुत्रा बरोबर असला की माणूस फिरत नाही, कुत्र्याला फिरवतो. आणि कुत्रा पाळायचा तर लाल सेटरच. लहानपणी शिकारीला आलेल्या लोकांचा एक लाल सेटर त्याने दलदलीवर पळताना पाहिला होता. "काळ्या जमिनीवरून जळती काडी ओढत नेल्यासारखा," मामा सांगायचा. त्याच्या तोंडून एवढी एकच उपमा मी ऐकली आहे.

"टेरिअर घे," मावशी म्हणाली. "टोपलीत मावतो."

"सेटर."

"मॅलाकी, या घरात शेवटची घाई कधी झाली होती, सांग बघू. आपली म्हातारी कोंबडीसुद्धा बसून जाते कुठे जायचं तर."

पण डॉक्टरचा कागद फ्रिजवर चिकटलेला होता, आणि त्याच्यापुढे मावशीचं चालेना. तिने मामाला एकच सांगितलं, "त्या बाई येऊन घर बघतात म्हणे. येऊ दे. बघूनच पळून जातील."

त्या बाई म्हणजे मिसेस हेस्टर बॉथवेल. विक्लोच्या डोंगरात राहायच्या, घरी अकरा सेटर. वय सत्तर, कमरेत कुठेही वाकलेल्या नव्हत्या, मनानेही नव्हत्या. घर तपासल्याशिवाय त्या कुत्रा देत नसत. हातात प्रश्नांचा छापील कागद घेऊन त्यांनी आमचं अंगण पावलांनी मोजलं.

"भिंत किती फूट?"

"चार," मामा म्हणाला.

"तो पाच उडतो."

"मग सहा करू."

"मग तो खालून खणतो. ठीक आहे, पुढचं. दिवसातून दोन तास पळायला लागतं. चालायला नाही, पळायला. कोण पळवणार?"

मामाने मावशीकडे पाहिलं, मावशीने छताकडे.

"मी," मामा म्हणाला.

"शेवटचे कधी पळाला होतात?"

मामाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी."

"तेव्हाही एक वळू मागे लागला होता म्हणून," मावशीने माहिती पुरवली.

बाईंनी तसंच्या तसं लिहून घेतलं. "दिवसातून किती वेळ एकटा राहील?"

"एकटा? अहो बाई, या घरात कोणाला एकटं राहायला मिळत असतं तर आणखी काय हवं होतं!" मावशी म्हणाली.

"शेपटीच्या उंचीवर घरात काय काय आहे?"

हा प्रश्न मावशीला आवडला. आईच्या निळ्या बश्या, लोण्याचं भांडं, दाराजवळचा पवित्र पाण्याचा वाडगा, खिडकीतला प्रागच्या बाळ येशूचा पुतळा, अशी तिने यादी दिली. बाईंनी प्रत्येक वस्तू पाहिली आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहिला: जाईल.

मग त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. आतून जे बाहेर आलं त्याला कुत्रा म्हणायला थोडा वेळ लागला, कारण ते थांबतच नव्हतं. अंगणाला तीन फेऱ्या, कोंबड्यांमधून एक, मामाच्या दोन पायांमधून एक. मग ते मामासमोर बसलं, तेव्हा दिसलं: पिकल्या चेस्टनटसारखा रंग, कानांना रेशमी झालर, आणि जगातल्या सगळ्या चांगल्या बातम्या नुकत्याच ऐकल्यासारखा चेहरा.

"दोन वर्षांचा आहे. एका दंतवैद्याने परत केला, एका वकिलाने," बाई म्हणाल्या. "दोघांना फोटोतला कुत्रा हवा होता. गालिच्यावर बसून राहणारा. हा बसणारा नाही. नाव बिशप."

मावशीचा हात क्रूसाची खूण करायला निघाला, तो अर्ध्यावर थांबला. "बिशप म्हणजे तुमचा की आमचा?" बाई प्रॉटेस्टंट होत्या.

"तो कोणाचंच ऐकत नाही, त्यामुळे सांगता यायचं नाही. पंधरा दिवस ठेवा. सव्वीस मेला मी येईन, तेव्हा हो की नाही ते सांगा. मला कुत्रा तिसऱ्यांदा परत आलेला चालेल. पण चौथ्यांदा कुठे पाठवणार नाही. कुत्र्यालाही मन असतं."

गाडी गेल्यावर मावशीने कॅलेंडर पाहिलं आणि खाली बसली. पंचवीस मेला आमच्याकडे स्टेशन होतं.

क्लूनाडरगमध्ये अकरा घरं. वर्षातून दोनदा, दर वेळी पुढच्या एका घरी, स्टेशन येतं: फादर घरी येऊन मिस्सा करतात, सगळी आळी गुडघे टेकते, आणि मग नाश्ता. प्रार्थना पाऊण तास, नाश्ता तीन तास, आणि घर रंगवायला दोन महिने. साडेपाच वर्षांनी पाळी येते, म्हणून सगळी दुरुस्ती त्याच एका सकाळसाठी राखून ठेवलेली असते. स्टेशन नसतं तर आमच्या भागात एकाही घराला दुसरा हात लागला नसता.

"ऐक," मावशीने मामाला कागद दिला. "गेट रंगवायचं. खिडक्या रंगवायच्या. अंगणातलं गवत. आणि बैठकीच्या खोलीचं धुराडं झाडायचं. स्टेशनच्या दिवशी या घरात एक जरी डाग दिसला, तर तुझा बिशप परत जाईल. आणि गाडीत जागा असली तर तूही जा."

पहिल्याच दिवशी बिशपच्या शेपटीने बाळ येशूचं मुंडकं उडवलं. मावशी लाटणं घेऊन धावली खरी, पण दारात थबकली. बाळ येशूचं मुंडकं कोणी मुद्दाम न पाडता पडलं, तर घराचं भाग्य उजळतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आता भाग्य उजळवणाऱ्याला मारायचं कसं? तिने लाटणं खाली ठेवलं आणि बिशपला विचारलं, "मुद्दाम केलंस का?" बिशपने शेपटी हलवली आणि लोण्याचं भांडं गेलं. त्याबद्दल कुठे काही मानलं जात नाही, तेव्हा त्याला ओरडा बसला.

गेट हिरवं रंगवलं, त्या दुपारी तो त्याला अंग घासून आला. गेटला केस आले आणि बिशपला गेट. मावशीने त्याला टर्पेंटाइनने पुसलं, गेटही पुसलं, आणि मामाशी एक दिवस बोलली नाही.

पळवण्याचा प्रश्न मामाने आपल्या पद्धतीने सोडवला. तो ट्रॅक्टरवर बसायचा, बिशप बाजूने धावायचा. किती वेगाने ते सांगायला नको. बिशपला तो वेग कमी वाटे, म्हणून तो ट्रॅक्टरभोवती गोल धावत पुढे जाई. मागे गाड्यांची रांग लागे. चौथ्या दिवशी शेजारच्या बार्नी क्विग्लीने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "मॅलाकी, मयत कोणाची?"

"कुत्र्याला फिरवतोय!"

"मग कुत्र्याला चालवू दे ना ट्रॅक्टर! मी दुपारपर्यंत बाजारात पोचेन तरी!"

लाज वाटून मामाने दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सोडला आणि बिशपला घेऊन दलदलीत गेला. तिथे रूळ उखडलेले होते, पण खालची वाट होती. सरळ, सपाट, ओळखीची. बिशप दोन्ही बाजूंना लांब लांब फेऱ्या मारत धावायचा, मामा मधून चालायचा. बिशपने दहा मैल केले की मामाचे दोन होत. आठव्या दिवशी तीन झाले, अकराव्या दिवशी चार. मधेच बिशप एकदम ताठ व्हायचा, एक पंजा उचललेला, नाक समोर, शेपटी दांडीसारखी. समोर गवतात पक्षी असे. सेटर पक्षी पकडत नाही, फक्त दाखवतो. मालक येईपर्यंत पापणी हलवत नाही. मामा शेजारी जाऊन उभा राही. बंदूक नव्हतीच. दोघं मिळून पक्ष्याकडे बघत. पक्षी उडून गेला की पुढे निघत.

मामा घरी यायचा तो शीळ घालत. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला आत एक नवीन भोक पाडावं लागलं. मावशी हे बघत होती, बोलत नव्हती.

पण दिवसाचे चार तास दलदलीत गेल्यावर कागदावरची कामं कधी व्हायची? तेविसाव्या तारखेला मावशीने विचारलं, "धुराडं झाडलंस?"

"झालं," मामा म्हणाला. आणि शीळ घालत बाहेर गेला.

स्टेशनच्या सकाळी बैठकीची खोली उघडली. ती खोली फादर आणि मयत यांच्यासाठीच. वेदी म्हणून मांडलेल्या टेबलावर आजीचा पांढराशुभ्र कापडी रुमाल, मेणबत्त्या, फुलं. शेकोटीच्या जागी नीट रचलेला टर्फ, नाश्त्याच्या वेळी पेटवायला. बिशप मागच्या कोठारात, दाराला कडी आणि कडीला दोरी. सव्वीस माणसं आली. बायका आत, बापे दारात एका गुडघ्यावर, निम्मे अंगणात, कारण तिथून हवामानाविषयी बोलता येतं.

फादर टिअर्नी शुभवर्तमान वाचत असताना दारातल्या बाप्यांमध्ये हालचाल झाली. बार्नी क्विग्लीच्या काखेखालून एक लाल डोकं आत आलं. मागे दोरीचा तुकडा लोंबत होता. मावशीने डोळे मिटले. बिशप गुडघे टेकलेल्या बायकांमधून, कोणाच्याही टोपीला धक्का न लावता, टेबलाच्या दिशेने निघाला. टेबलापलीकडे, पुढच्या खोलीत, हॅम ठेवलं होतं.

तो टेबलापाशी पोचला आणि ताठ झाला. पंजा वर. नाक समोर. शेपटी दांडीसारखी. शुभवर्तमान संपलं, प्रवचन झालं, बिशप हलला नाही. लोक उठले, बसले, पुन्हा गुडघ्यांवर गेले. बिशप तसाच.

"बघा गं," मिसेस क्विग्ली पुटपुटली. "वेदीसमोर कसा उभा आहे! आमचा बार्नी दोन मिनिटं राहत नाही."

मावशीने डोळे उघडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर बिशपबद्दल अभिमानासारखं काहीतरी दिसलं. फक्त मॅलाकी मामा पांढरा पडला होता. कारण सेटर म्हणजे काय हे त्या खोलीत त्यालाच कळत होतं. बिशपचं नाक वेदीकडे नव्हतं, वेदीच्या मागच्या शेकोटीकडे होतं. त्या धुराड्यात दर मे महिन्यात कावळे घरटं करतात. मामा हात जोडून मनापासून प्रार्थना करू लागला. एवढ्या मनापासून त्याने कधी केली नसेल.

पवित्र भाकर वर उचलली गेली, पूर्ण शांतता पसरली, आणि धुराड्यात काहीतरी सुटलं. आधी दोन काटक्या आल्या. मग बादलीभर. मग साडेपाच वर्षांची काजळी एका दमात खाली आली, टर्फवर आपटली आणि ढग होऊन उठली. ढग खाली बसला तेव्हा रुमाल काळा, फुलं काळी, फादर टिअर्नी कमरेपर्यंत काळे. शेकोटीतून एक कावळा चालत बाहेर आला, त्याने सव्वीस माणसांकडे पाहिलं आणि मधल्या वाटेने दाराबाहेर गेला. बिशपने त्याला हात लावला नाही. त्याचं काम दाखवण्याचं होतं, ते झालं होतं. तो खाली बसला आणि मामाकडे शाबासकीसाठी बघू लागला.

"मॅलाकी," बार्नी दारातून ओरडला, "धुराडं कोणी झाडलं होतं रे?"

फादर टिअर्नींनी भाकरीवर हात धरला होता, ती तेवढी पांढरी राहिली. ते म्हणाले, "अट्रॅक्टा, या घरात खरं सांगणारा निदान एक जण तरी आहे." आणि मिस्सा पूर्ण केली.

नाश्ता साडेतीन तास चालला. वीस वर्षांत असं स्टेशन झालं नाही, असं प्रत्येकाने जाताना सांगितलं. मावशीने प्रत्येकाला हसून निरोप दिला. शेवटची गाडी वळली तसं तिचं हसू मावळलं.

"एवढी वर्षं एका घरात काढली, मॅलाकी. तू आळशी आहेस, सावकाश आहेस, पण माझ्याशी खोटं कधी बोलला नव्हतास."

"नव्हतो."

"एका कुत्र्यासाठी बोललास."

मामाने काळा रुमाल घडी करायला घेतला.

"आणि नीट विचार कर. तू त्रेसष्टचा. तो आणखी दहा-बारा वर्षं जगेल. पंचाहत्तराव्या वर्षी तू त्या दलदलीत पळणार आहेस?"

"पळणार नाही," मामा म्हणाला. "पण चालत असेन." "त्याच्याशिवाय नाही जाणार मी, अट्रॅक्टा. मी मला ओळखतो. उद्या तो गेला, तर परवा मी इथे चुलीपाशी असेन."

मावशी काजळी पुसायला गेली. ठरलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मिसेस बॉथवेल आल्या. मावशीने विचारलं, "चहा घेणार?"

"हो," बाई म्हणाल्या.

मावशी गोंधळली. आमच्याकडे कोणीही पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणत नाही. "नको नको, आत्ताच झाला," मग यजमान म्हणतो "थोडा?", मग "अहो कशाला त्रास," मग "त्रास कसला," आणि मग हो. तेवढ्यात पाणी उकळतं. बाईंनी थेट हो म्हटल्यामुळे किटलीवर काहीच नव्हतं.

"मग काय ठरलं?" बाईंनी कागद काढला. "ठेवताय का याला?"

"छे छे, अहो कशाला," मामा म्हणाला. "एवढा चांगला कुत्रा. तुम्हालाच लागेल."

"बरं. सरळ सांगितलंत, बरं झालं," बाई म्हणाल्या. कागदावर खूण केली, पट्टा अडकवला आणि बिशपला घेऊन बाहेर गेल्या.

मामा तोंड उघडं टाकून उभा. "दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं की त्यांचं," मावशी म्हणाली.

"विचारतील. गाडीपाशी विचारतील."

गाडीचं मागचं दार लागलं.

"बसताना विचारतील," मामा म्हणाला. आवाज बदलला होता.

इंजिन सुरू झालं. मागच्या काचेला एक लाल नाक चिकटलं. मामा जागचा हलेना. त्याला पुढचं पाऊल कळेना. नकार दिल्यावर समोरचा ऐकून घेतो, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मावशीने एप्रनला हात पुसले, अंगणात गेली आणि गाडीसमोर उभी राहिली.

बाईंनी काच खाली केली. "काय झालं?"

"तुम्ही एकदाच विचारलंत."

"हो. आणि उत्तर मिळालं."

"ते उत्तर नव्हतं, बाई. ती रीत आहे. पहिलं नको आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. डॉक्टरलासुद्धा."

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या मामाकडे. "मग दुसऱ्यांदा विचारते. तुम्हाला हा हवा आहे का?"

'नको' मावशीच्या ओठांपर्यंत आला. सदुसष्ट वर्षांची सवय. तिने तो गिळला. "हो," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

"याला रोज बाहेर काढावं लागेल."

"दोघांनाही लागेल."

"केस रोज विंचरावे लागतात. तुमच्या भावाकडून त्याचं उत्तर आलं नव्हतं, तो रकाना रिकामाच आहे."

"मी विंचरेन. पण नाव बदलणार. दारात उभं राहून बिशप, इकडे ये, गाढवा, असं मी ओरडणार नाही. फादर टिअर्नींना वर खऱ्या बिशपला उत्तर द्यावं लागतं."

बाई खाली उतरल्या, मागचं दार उघडलं. बिशप मावशीच्या एप्रनला, मामाच्या छातीला आणि पुन्हा एप्रनला असं आळीपाळीने भेटला. बाईंनी कागदावरची खूण खोडली, दुसरी केली आणि टोपण लावता लावता थांबल्या.

"याचा सख्खा भाऊ गेल्या आठवड्यात कॉर्कहून परत आलाय," त्या म्हणाल्या. "याच्यापेक्षा थोडा चपळ. दोघं एकत्र सुखात राहतील. आणू?"

"नको!" मामा आणि मावशी एकाच वेळी म्हणाले.

मिसेस बॉथवेल हुशार बाई. एकदा चुकलं की दुसऱ्यांदा चुकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, शांतपणे मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि आमच्या रीतीप्रमाणे अगदी गोड आवाजात पुन्हा विचारलं, "अहो, त्रास कसला त्यात? थोडे दिवस तरी?"

मामाने मावशीकडे पाहिलं, मावशीने मामाकडे. रीत न मोडता, 'त्रास कसला'नंतर हो सोडून नको कसं म्हणायचं हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.